वाचून दाखवा

कोर्टातल्या कर्मचाऱ्याने न्यायाधीशांचे आभार मानायचे नसतात, निदान ते खुर्चीवर असेपर्यंत तरी. आमचे साहेब निवृत्त झाले, मीही झालो, म्हणून आता लिहितो.

माणदेशातल्या एका तालुका कोर्टात मी लघुलेखक होतो. साहेब दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही तेच. त्यामुळे चोरी-मारामारीचे खटले आणि बांधाचे, वाटपाचे दावे एकाच बोर्डावर. १९९८मध्ये शासनाने खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरवली, तरी इंग्रजी निकालपत्रांची सवय पुष्कळांची सुटली नव्हती. साहेब मराठीतच सांगत. हरणाऱ्यालाही आपण का हरलो ते कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

साक्षीदार बोलायचा, साहेब वाक्य जुळवून मला सांगायचे, मी टाइप करायचो. जबाबाच्या शेवटी ठरलेली ओळ : ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ गर्दीच्या बोर्डात ती ओळ टाइप होते आणि वाचायचं तेवढं राहून जातं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २७८ त्यासाठीच होतं. साहेब मला प्रत्येक जबाब मोठ्याने, सावकाश वाचायला लावत. वकील घड्याळाकडे बघत बसत.

एकदा मेंढरांच्या चोरीचा खटला होता. फिर्यादी मेंढपाळ, घोंगडी खांद्यावर तशीच. मी वाचलं, ‘मी आरोपीस बॅटरीच्या उजेडात ओळखले.’ गडी मध्येच बोलला, “न्हाई जी. त्वांड दिसलंच न्हाई. आवाज वळखला म्हनलो म्या.”

सरकारी वकील कासावीस. कायद्याने साहेबांना नुसती हरकतीची नोंद करून पुढे जाता आलं असतं. त्यांनी भर कोर्टात, “ऐकण्यात माझी चूक झाली,” म्हणून स्वतः सांगितलेलं वाक्य खोडलं, दुरुस्ती केली, समासात सही केली. पुढे आरोपी सुटला. मेंढपाळाची मेंढरं काही परत मिळाली नाहीत, हेही सांगायला हवं.

बाकी त्यांची नोकरी चारचौघांसारखीच. बदल्या, सरकारी क्वार्टर, मुलांच्या बदलत्या शाळा. गावातल्या लग्नाची पत्रिका आली तर शुभेच्छांचं पत्र जाई, साहेब जात नसत. उच्च न्यायालयापर्यंत पोचले नाहीत. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले.

मला मात्र त्यांची सवय लागली. पुढच्या एका साहेबांनी “एवढा वेळ कुठंय?” म्हणून झापलं, तरी मी वाचत राहिलो. नोकरीत मान मिळाला तो त्यामुळेच. टायपिंगचा वेग माझ्यापेक्षा इतरांचा बरा होता.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही जबाब वाचून दाखवण्याची तरतूद कायम आहे. साक्ष द्यायची वेळ आली तर सही करण्याआधी जबाब वाचून दाखवायला सांगा. कुणी घाई केली, तरी सांगा.