कन्सोल गप्प आहे म्हणून

प्रिय मित्रा,

पीडीपी-११/३४ चालू केल्यावर टर्मिनलवर एक अक्षरही उमटत नाही, त्या अर्थी सीपीयू गेला, असं तू लिहितोस. हा निष्कर्ष मला पटत नाही. या मशीनमधलं एम९३१२ हे बूट कार्ड सुरुवातीला सीपीयूच्या काही चाचण्या घेतं, मग चार ऑक्टल आकडे छापतं आणि शेवटी ‘@’ दाखवतं. ते अक्षर दिसायला वीजपुरवठा, सीपीयू, बूट रॉम, डीएल११-डब्ल्यू हे सीरियल कार्ड, केबल आणि टर्मिनलचा वेग असं सगळंच जमून यावं लागतं. यातलं काहीही बिघडलं तरी पडदा कोराच राहतो. मुक्या साक्षीदाराच्या गप्पपणावरून आरोपी ठरवू नये. आधी त्याला बोलता येतं का, ते बघावं.

आणि ते सीपीयूकडून एकही सूचना न चालवता बघता येतं. तुझ्या मशीनला आकड्यांच्या बटणांचं पॅनेल, म्हणजे केवाय११-एलबी, आहे. त्याच्या कार्डावर स्वतःचा ८००८ मायक्रोप्रोसेसर आहे आणि ते युनिबसचा, म्हणजे मशीनच्या सामायिक बसचा, ताबा घेऊन थेट वाचतं-लिहितं. मशीन हॉल्ट कर आणि ७७७५६४ हा पत्ता वाच. २०० आलं, तर सीरियल कार्ड पत्त्याला ओ देतंय आणि अक्षर पाठवायला तयार आहे. मग ७७७५६६ वर १०१ लिही. टर्मिनलवर ‘A’ उमटला पाहिजे. उमटला, तर पाठवण्याची बाजू निर्दोष, आणि आता सीपीयू व रॉमवर संशय घ्यायला आधार आहे. भलतंच चिन्ह आलं तर आनंदच मान, कारण तो बहुधा बॉड किंवा पॅरिटीच्या स्विचांचा घोळ असतो. काहीच आलं नाही, तर कार्डाची पाठवणारी तार जमिनीच्या सापेक्ष मल्टिमीटरने मोज. रिकाम्या वेळी आरएस-२३२ ची तार ऋण असते. शून्याच्या आसपास आकडा दिसला, तर उणे १५ व्होल्टचा पुरवठा आधी तपास, मगच कार्डाला दोष दे. तार व्यवस्थित ऋण असेल, तर टर्मिनलकडे २ आणि ३ या पिना उलट जोडल्या गेल्यात का, ते पाहा.

तू म्हणशील, बसची परवानगी देणारा आर्बिटर सीपीयूच्याच बोर्डांवर असतो; मग ही चाचणी सीपीयूपासून वेगळी कशी? आक्षेप रास्त आहे. ती पूर्ण वेगळी नाही, पण सूचना चालवणारा भाग तिच्यातून वगळला जातो, आणि आपला प्रश्न तेवढाच आहे. वाचन जमलं तर आर्बिटर जागा आहे, हे फुकटात कळलं. बस एररचा दिवा लागला, तर बहुधा त्या पत्त्यावरून कुणी उत्तर देत नाही, हेही कळलं. दुसरा आक्षेप बोर्ड बदलून पाहण्याचा. हे मशीन बनवणाऱ्या डीईसीच्या सर्व्हिस इंजिनियरकडे सुटे बोर्ड असत, तेव्हा ते शहाणपणाचं होतं. आज हाती लागणारा जुना बोर्ड स्वतःच नादुरुस्त असू शकतो. शिवाय बोर्ड काढून घालताना कनेक्टरही घासून साफ होतो, त्यामुळे दोष गेला तरी कशाने गेला, हे कळत नाही.

‘@’ आला म्हणजेही काम संपत नाही. बूट कार्ड तयारीचा बिट स्वतःच पुन्हा पुन्हा पाहून अक्षरं पाठवतं, त्याला इंटरप्ट लागत नाही. आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टीमला लागतो. म्हणून ‘@’ व्यवस्थित आणि त्यापुढे शुकशुकाट, असं दिसलं तर ग्रँटची, म्हणजे इंटरप्टच्या परवानगीची, साखळी बघ. रिकाम्या स्लॉटमध्ये जी७२७ कार्ड हवंच, तेही सरळ बसलेलं. डिस्कची गोष्ट वेगळी: आरएल११ या डिस्क कंट्रोलरला डीएमएची परवानगी लागते, आणि ती जी७२७ मधून जात नाही, बॅकप्लेनवरच्या सीए१ ते सीबी१ या तारेने जाते. आरएल११ च्या स्लॉटवरून ती तार काढलेली असली पाहिजे, डीएमए न करणाऱ्या बाकीच्या स्लॉटवर जोडलेली. तुझं मशीन विकत घेण्याआधी कुणीतरी कार्डं हलवलेली दिसतात, म्हणून डिस्कवरून बूट करायला डीएल० टाइप करण्यापूर्वी बॅकप्लेनची मागची बाजू नीट बघून घे.

तुझा,
मित्र