तुरीच्या मुलखात : भाग २

बुधवार, कमलनगर
उदगीर मागं पडलं आणि पाट्या कन्नड झाल्या, बोलणं मात्र मराठीच राहिलं. नवल नाही, १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळं बीदर जिल्ह्यातच होतं. कमलनगरला चहाला थांबलो तर टपरीवाल्या काकांनी जीपवरचं नाव वाचून विचारलं, "परभणीचे का? तूर कशी हाय तिकडं?"

त्यांचं शेत टपरीच्या मागंच. कौतुकानं नेऊन त्यांनी पाच झाडं दाखवली. "बघा की सर, सगळ्यात हिरवी हीच." शेजारच्या तुरीला शेंगा लोंबत होत्या. ही पाच झुडपासारखी दाटलेली, पानं बारीक, त्यांवर फिकट चट्टे, आणि फूल एकही नाही. वांझ रोग! आमचे सर क्षणभर गप्पच. डोळ्यांना न दिसणारा कोळी वाऱ्यावर येतो आणि विषाणू सोडून जातो. या रोगाची नोंद बिहारमधल्या पुशात १९३१ साली झाली. विषाणू हाती लागायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

"मग फवारू काय?"
"आता नाही उपयोग, काका. उपटून टाका. आणि बांधावर जुनी तूर राखू नका, कोळी तिथंच दबा धरून राहतो."
काका झाडाकडे बघत राहिले. चहाचे पैसे काही घेतले नाहीत.

बीदर, रात्र
कलबुर्गीत मांडायचं माझं पोस्टर परभणीतच राहिलं. पेनड्राइव्ह होता म्हणून निभावलं. फ्लेक्सच्या दुकानात चार वाढदिवसांच्या रांगेत आमची मर रोगाची बुरशी लागली. पोरानं फाइल उघडली, खोडाचे उभे काप निरखले आणि दखनीत विचारलं, "फोटो किसका डालना, मॅडम?" नेत्याशिवाय फ्लेक्स त्यानं बहुधा छापलाच नव्हता.

गुरुवार
किल्ला लांबूनच पाहिला. नौबादचा बहमनी काळातला करेझ, म्हणजे जांभ्यातून कोरलेली पाण्याची भुयारं, तर राहूनच गेला. सरांना घाई. वाटेत कमलापूरची लाल केळी घेतली, आणि ती कलबुर्गीपर्यंतही पुरली नाहीत. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि पुंडी पल्ले. पुंडी म्हणजे आपली अंबाडीच निघाली.

शुक्रवार, कलबुर्गी
इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्वागताच्या भाषणांत ते इतक्यांदा आलं की मी मोजणं सोडलं. कामाचं बोलणं दुपारनंतर सुरू झालं, तेही 'मारुती'वरून. महाराष्ट्रातल्या गावरान तुरीतून पटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये निवडलेला हा वाण १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला. त्यानं मर रोखली. मग शिवारच्या शिवारं मारुतीची झाली, आणि वांझ रोगाला रान मोकळं मिळालं, कारण त्यापुढं मारुतीचं काही चालत नाही. आमच्या बदनापूरचा बीएसएमआर-७३६ दोन्ही रोगांना पुरून उरतो, पण सहा महिने घेतो. पाऊस लवकर उघडला की हलक्या रानात शेंगा भरत नाहीत.

पोस्टरपाशी आळंदचे एक शेतकरी थांबले. कन्नड मला येत नाही, मराठी त्यांना थोडीच. खोडाच्या कापातल्या काळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "नेटे." मी म्हटलं, "मर." २०२२ च्या हंगामात या जिल्ह्यात याच रोगानं उभी तूर वाळवली होती. त्यांनी बोटांनी दाखवलं : सातातले पाच एकर. पोस्टरवर माझे सगळे आकडे कुंड्यांतल्या रोपांचे होते.

शनिवार, परत
कमलनगरला पुन्हा चहा. सर थेट टपरीमागं गेले. चार झाडं उपटलेली, शेळ्या त्यांवर तुटून पडलेल्या. पाचवं तसंच उभं.

"हे का ठेवलंत, काका?"
"ठेवलं खरं," काका किटली उतरवत म्हणाले. "एवढं हिरवं हाय, हात होईना."