हरलेल्यालाही उद्या डाव असतो

मागचा आठवडा पुण्यात होतो. बातमीसाठी नाही, बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत खेळायला. वय पंचेचाळीस, रेटिंग नाही. ऑफिसात रजा मागितली तेव्हा सगळे हसले.

एकूण 9 फेऱ्या. प्रत्येकाला 90 मिनिटं, वर दर चालीला 30 सेकंद. पहिल्याच फेरीत समोर चौथीतली पोरगी. खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते. "काका, घड्याळ दाबायचं राहिलं," म्हणाली आणि तिसाव्या चालीला वजीर मारला. डाव सोडला.

स्विस पद्धतीत हरलं म्हणून घरी पाठवत नाहीत. आपल्याएवढेच गुण असलेला कुणीतरी समोर येतो, आपण पुन्हा बसायचं. शेवटी साडेतीन गुण झाले. मी खूश आहे.

पण खरी बातमी हॉलबाहेर होती. जिन्यात, चपलांशेजारी बसलेले आईबाप. परभणीकडचे एक रिक्षावाले आठवडाभराचा धंदा बुडवून पोराला घेऊन आले होते. लॉज, जेवण, प्रवेश फी वेगळी. "जवळपास स्पर्धा असती तर कशाला आलो असतो, सर?"

2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गावातही फ्लेक्स लागले. तिच्यापेक्षा नेत्यांचे फोटो मोठे. नगरपालिकेचा हॉल मात्र तेव्हाही कुलपात होता, आजही आहे.

सोमवारी अर्ज देतोय. महिन्यातून एक रविवार हॉल उघडा, बाकी काही नको. पट आणि घड्याळं आम्ही जमवतो. सहीला कोण कोण येणार?