कोथरूडमार्गे लंडन

पुण्यात मराठवाडा बघायचाय? दोन ठिकाणं आहेत. एक, दिवाळीच्या तोंडावरचं वाकडेवाडीचं एसटी स्टँड. दुसरं, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, पण ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा प्रयोग असेल त्याच रात्री. इथे बसायला जागा मिळते, हा जादा फायदा.

पार्किंगमध्ये सगळे सारखेच. त्याच बाइक्स, तेच ‘अरे यार’. कोण लातूरचं, कोण सदाशिव पेठेतलं, पत्ता लागत नाही. पडदा उघडला की पाच मिनिटांत लागतो. कारण हशा दोनदा येतो! पहिला ठरावीक खुर्च्यांमधून, वाक्य संपायच्या आतच. दुसरा अर्ध्या सेकंदाने, उरलेल्या हॉलमधून. आधी हसले ते गाववाले.

लक्ष्मण देशपांडे तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. १९७९ मध्ये त्यांनी हा प्रकार सुरू केला. माणूस एक, पात्रं ५२, हाताशी एक उपरणं. खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी लंडनला निघतं, गोष्ट एवढीच. नाव लंडनचं असलं तरी खरी धमाल घरातून निघण्यातच आहे (लग्नाला निघालेलं कुठलंही घर आठवा). २००९ मध्ये देशपांडे गेले. पुढे हे वऱ्हाड संदीप पाठकने स्टेजवर आणलं. तोही माजलगावचाच.

तिकडे वाढलेल्या कित्येकांनी हे आधी बघितलं नाही, ऐकलं. कॅसेटवर, अख्ख्या वाड्यासोबत. म्हणून तर ते वाक्याच्या आधी हसतात.

याच मंडळींनी पुण्यात आल्यावर ‘काय करूलालास?’ गुपचूप गिळून ‘काय करतोयस?’ पाठ केलेलं असतं. रूमवर, ऑफिसात कुणीतरी हसलेलं असतं ना! घरून फोन आला की कॉरिडॉर गाठायचा, मग बोलायचं. इथे त्याच बोलीवर लोक तिकीट काढून हसतात. दुसऱ्या हशातला थोडा भाग अजून बोलीलाच असतो, खोटं कशाला बोला. पण स्टेजवरचा माणूस ती बोलताना कुणाची माफी मागत नाही. फरक पडतो तो तिथे.

इंटरव्हलला बटाटेवड्याची लाइन गाठा आणि कान उघडे ठेवा. एरवी कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलणारा एखादा भर गर्दीत, खणखणीत आवाजात फोनवर सांगत असतो, ‘‘आण्णा, नाटकाला आल्तो. हां, तेच, आपलं कॅसेटमधलं!’’