जेरुसलेमची खोली

लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम दरवाजासमोर उभें राहिलें, म्हणजे उजव्या हातास एक जुनी दगडी इमारत दिसते. तींतील एका दालनास ‘जेरुसलेम चेंबर’ म्हणतात. तें सामान्यतः प्रेक्षकांस खुलें नसतें; म्हणून मीं बाहेरूनच पाहिलें. परंतु चौथ्या हेन्रीची कथा वर्गांत अनेकदां सांगितलेल्या या मास्तराचा पाय तेथून लवकर निघेना.

चौदाव्या शतकांत मठाधिपति लिट्‌लिंग्टन यानें हें दालन आपल्या निवासस्थानीं बांधविलें. हेन्रीच्या मनांत जेरुसलेमची यात्रा होती. तेथेंच आपणांस मरण येईल असें भाकितहि होतें, म्हणतात. १४१३ च्या मार्चांत ॲबींत प्रार्थना करीत असतां त्यास झटका आला. सेवकांनीं त्यास येथें आणून शेकोटीजवळ निजविलें. शुद्धीवर येतांच त्यानें खोलीचें नांव विचारिलें. तें ऐकून आपला काळ आला हें तो उमगला. २० मार्चला तो येथेंच वारला.

पुढें डीन विल्यम्स यानें शेकोटीवर देवदारी लाकडाचें कोरीव काम करविलें. १६२४ सालीं युवराज चार्ल्स याच्या विवाहाच्या वाटाघाटीसाठीं आलेल्या फ्रेंच वकिलांस त्यानें येथें मेजवानी दिली, तिची ती आठवण. भिंतींवर चित्रें विणलेले जाड पडदे आहेत. १६४३ सालीं थंडीनें गारठलेली धर्मपंडितांची सभा प्रार्थनामंदिरांतून उठून या शेकोटीच्या आश्रयास आली व पुढें कित्येक वर्षें येथें वाद करीत बसली. १८७० पासून बायबलाच्या इंग्रजी भाषांतराची शुद्धि करणारे निरनिराळ्या पंथांचे विद्वान् येथेंच एकत्र बसत. त्यांचा ‘नवा करार’ १८८१ सालीं प्रसिद्ध झाला.

वादासहि ऊब लागते, हें आपल्या घरांतील माजघर जाणतेंच. भाऊबंदांचे तंटे मिटले ते तेथेंच. माझी आई जन्मभर काशीस जाऊं म्हणत असे. मी ‘पुढील सुटींत नेतों’ म्हणत राहिलों. अखेर माजघरांतच गडूंतील गंगोदकाचे दोन थेंब तिच्या मुखीं पडले. ‘काशीच आली कीं रे घरीं’, एवढेंच ती बोलली.

हेन्रीस खोलीच्या नांवानें यात्रा घडली. आईनें माझी चूक पोटांत घालून घरासच तीर्थ म्हटलें. वाचकहो, ज्यांच्या घरीं वडील मंडळी अजून ‘जाऊं’ म्हणत आहेत, त्यांनीं पुढील सुटीची वाट पाहूं नये.