गाळलेल्या ध्वनींची भाषा

एखादी भाषा कानाला गोड का लागते, याचे उत्तर आपण बहुधा तिच्या अक्षरांत शोधतो. ल, म, न कोमल. ट, ठ, ड कठोर. आपल्या काव्यशास्त्रानेही माधुर्य आणि ओज या गुणांना वर्ण वाटून दिले ते याच समजुतीने. जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1915 च्या सुमारास रचायला घेतलेली आणि पुढे आयुष्यभर घासूनपुसून घडवलेली क्वेन्या ही एल्फांची भाषा वरवर ऐकली, तर या समजुतीला दुजोराच मिळतो, इतकी ती स्वरांनी भरलेली आहे. तिच्या व्याकरणात शिरल्यावर मात्र मला वेगळेच दिसते. तिची गोडी निवडलेल्या ध्वनींपेक्षा तिने स्वतःवर घातलेल्या बंधनांतून येते, आणि त्या बंधनांना वजन येते ते तिच्यामागे रचलेल्या इतिहासामुळे.

क्वेन्यात ब, द आणि ग यांना एकट्याने उभे राहता येत नाही. म्ब, न्द, ङ्ग असा अनुनासिकाचा, किंवा ल्द, र्द असा ल-रचा हात धरूनच ते शब्दात येतात. शब्द संपतो तो स्वरावर, नाहीतर न, र, ल, स, त अशा दंत्य घराण्यातल्या एखाद्या व्यंजनावर. आघाताचा नियम लॅटिनसारखा आहे: शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. लघु-गुरूचा हा हिशेब वृत्तांची सवय असलेल्या मराठी वाचकाला नवा वाटणार नाही. त्यात भर पडते विभक्तिप्रत्ययांची. ‘किर्या’ म्हणजे जहाज. ‘किर्यान्ना’ जहाजाकडे, ‘किर्याल्लो’ जहाजापासून, ‘किर्यास्से’ जहाजात. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या ग्रंथालयात टॉल्किन यांच्या हाती फिनिश भाषेचे व्याकरण लागले होते, त्याचा हा ठसा. पण फिनिशची नक्कल म्हणून हा भाग सोडून देता येत नाही. प्रत्ययातले जोडव्यंजन मूळ शब्दाच्या शेवटच्या अक्षराला गुरू करते आणि आघात तिकडे सरकवते. ‘किर्या’तला पहिल्या अक्षरावरचा भार ‘किर्यान्ना’त ‘र्या’वर येतो. विभक्ती बदलली की शब्दाची चालही बदलते. व्याकरण आणि नाद यांना एकमेकांपासून सोडवता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हे सारे सौंदर्य युरोपीय कानाचे नाही का? टॉल्किन यांच्या कादंबरीविश्वात दुष्टांची एक काळी भाषा आहे, आणि कंठ्य घर्षक ‘घ’ हा तिचा एक खास ध्वनी आहे. कादंबरीतल्या दुष्ट अंगठीवरचा त्या भाषेतला मजकूर कोरलेला पोलादी पेला एका चाहत्याने भेट पाठवला, तेव्हा टॉल्किन यांनी त्यातून कधी काही न पिता त्याचे रक्षापात्र केले. आता आपला ‘घ’ अगदी तोच नसला तरी त्याचा शेजारी आहे, आणि मेघ, घन, घुंगरू या शब्दांत आपल्याला कोणतीही कुरूपता ऐकू येत नाही. क्वेन्यात ‘ळ’ नाही. पण सावळा, जिव्हाळा, ओंजळ यांतून ‘ळ’ काढला तर मराठीच्या गळ्यातले काहीतरी निघून जाईल. आवडनिवड व्यक्तिगणिक वेगळी असते हे टॉल्किन यांनाही मान्य होते. प्रत्येकाला स्वभावतःच एक भाषिक रुची असते, असे 1955 मधल्या इंग्लिश-वेल्शवरच्या व्याख्यानात त्यांनी मांडले. म्हणून आक्षेप मान्य करूनही मी माझ्या मतावर राहतो. सुटा ध्वनी सुंदरही नसतो, कुरूपही नसतो. तो कुठे येऊ शकतो आणि कुठे नाही, हे ठरले की त्याला चेहरा मिळतो.

या बंधनांमागचा इतिहास सर्वांत ठळक दिसतो तो सिंदारिनमध्ये. ही क्वेन्याची बहीण, वेल्शच्या वळणाची. क्वेन्यात माणूस ‘आतान’, अनेकवचन ‘आतानि’. सिंदारिनमध्ये ‘आदान’ आणि ‘एदाइन’. एकटे पाहिले तर हे अनेकवचन लहरी वाटेल. पण दोघींची मूळ भाषा कल्पून टॉल्किन यांनी ध्वनिबदलांची साखळी आखली होती: दोन स्वरांमधला ‘त’ मऊ होऊन ‘द’ झाला, अनेकवचनाच्या शेवटच्या ‘ई’ने आधीचे स्वर आपल्याकडे ओढले आणि मग ती स्वतः गळून पडली. इंग्रजीतल्या ‘फूट’चे ‘फीट’ असेच घडले, आणि अँग्लो-सॅक्सनच्या या प्राध्यापकाला ती वाट पाठ होती. ‘त’चा ‘द’ होणे तर आपल्या ओळखीचे: संस्कृत ‘गत’ शौरसेनीत ‘गद’ झाले, महाराष्ट्री प्राकृताने ते व्यंजनही टाकून ‘गअ’ केले. गळालेल्या ‘ई’ची खूण स्वरांत राहते, म्हणून ‘एदाइन’ला वय आहे.

तरीही कुणी विचारेल, जी भाषा कोणी बोलत नाही, जिचे नियम कर्ताच बदलत राहिला, तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? झामेनहॉफ यांची 1887 ची एस्पेरांतो निदान उपयोगी तरी आहे. एस्पेरांतोला दंतकथा नाहीत म्हणून ती मृत, असे टॉल्किन यांनी एका पत्रात लिहिले. ते मला पटत नाही; तिच्यात कविता-कादंबऱ्या आहेत आणि जन्मापासून ती बोलणारी मुलेही आहेत. पण तिचे ध्येय संवादातली सोय हे होते, म्हणून तिने अपवाद काढून टाकले. टॉल्किन यांना भाषेचा देखणेपणा हवा होता आणि त्यांनी अपवादांना कारणे दिली. त्यांच्या फेरफारांतही मला चंचलपणा दिसत नाही. क्वेन्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे प्रत्यय वेगळे आहेत. सर्वनामांची मांडणी बदलल्यावर, कादंबरीचा नायक फ्रोडो एल्फांना भेटताना जे अभिवादन करतो त्यातला ‘ल्म’ त्यांनी तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘ल्व’ केला, कारण भेट दोन्ही पक्षांची होती. इंग्रजी ‘अवर’मध्ये हा भेद उमटत नाही, ‘आमची भेट’ आणि ‘आपली भेट’ यांतले अंतर मराठी माणसाला मात्र कुणी समजावून द्यावे लागत नाही.