मैफल भट्टी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगातलं सगळं कळतं, अशी आमच्या पालीत एक समजूत आहे. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला आमचं गाव. इथं विहिरीवरची मोटार जळाली, सोयरिकीचं बिनसलं किंवा म्हैस आटली, तरी लोक माझ्याकडे येतात. मी नुसता बी.कॉम. आहे, हे सांगून उपयोग होत नाही. ऐकणाऱ्याला तो म्हशीचाच डॉक्टर वाटतो.

शेजारच्या वहिनी अशाच एकदा आल्या. नवरा-बायकोनं कित्येक वर्षं ऊसतोड केली. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या मागंपुढं ट्रॅक्टरवर संसार लादायचा आणि हंगाम संपेतो कोपीत राहायचं. मुलगा मात्र बी.एस्सी. झाला आणि एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला.

"भाऊजी, त्येला रातपाळीला मैफल भट्टी दिलीय म्हनं. कसली मैफल ओ?"

रातपाळी, मैफल आणि भट्टी हे तीन शब्द एका वाक्यात आले, तर कुठल्याही आईच्या पोटात गोळा उठणारच. पण त्यांची खरी भीती निराळी होती. लहानपणी पोरगं कोपीतल्या चुलीवर पडलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत डाग अजून आहे. "तुमी एकदा बघून या. धोक्याचं असंल तर सोड म्हन्ते त्येला. आमी पुन्हा उचल घिऊ."

म्हणजे माझ्या अहवालावर दोन कोयते अवलंबून! आमच्या शाखेच्या ऑडिटरवरसुद्धा एवढी जबाबदारी नसते. गेलो.

भट्टी पाहून माझी निराशा झाली. गोदरेजच्या कपाटाचा धाकटा भाऊ शोभावा अशी पेटी, तिला जाडजूड दार आणि खाली आकडे दाखवणारी पट्टी. "काका, मैफल नव्हे, मफल," पोरगं म्हणालं. गळ्यातला मफलर आणि ही भट्टी एकाच घराण्यातले शब्द. गुंडाळून, झाकून ठेवण्याशी दोघांचा संबंध. आतल्या मालाला ज्वाळेचा, धुराचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, नुसती धग द्यायची. हल्ली ती धग विजेच्या तारांची असते, भोवती उष्णता अडवणाऱ्या विटा असतात आणि थर्मोकपल नावाची कांडी आतलं तपमान बाहेर कळवते. थोडक्यात, आमच्या शाखेतला शिपाई.

मळीचा नमुना तोलून मुशीत घ्यायचा, त्यावर गंधकाम्ल घालायचं, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात तो आधी जाळून कोळसा करायचा आणि धूर संपल्यावरच भट्टीत ठेवायचा. 550 अंशांच्या आसपास सगळा कोळसा जळतो आणि उरते क्षारांची पांढुरकी राख. ती शोषक-पात्रात, म्हणजे हवेतला दमटपणा लागणार नाही अशा झाकणाच्या भांड्यात, थंड करून तोलायची. पुन्हा तापवायची, पुन्हा तोलायची. दोन वजनांत फरक पडेनासा होईतो सुटका नाही. हे ऐकून मात्र मला गहिवरून आलं. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत आम्ही दुसरं काय करतो?

नियमही बँकेसारखेच. ओला नमुना आत ठेवायचा नाही, पाण्याची वाफ होऊन तो उडतो. बंद झाकणाचं भांडं तर मुळीच नाही, ते फुटतं. तेलकट, भडकणारा पदार्थ जवळसुद्धा आणायचा नाही. नवी किंवा बरेच दिवस बंद असलेली भट्टी एकदम तापवायची नाही, विटांतला ओलावा हळूहळू जाऊ द्यायचा. दार उघडण्याआधी वीज बंद करायची, तोंड बाजूला ठेवायचं, चेहऱ्यावर ढाल, हातात जाड मोजे आणि लांब चिमटा. भट्टी लाल असताना दार सताड उघडं टाकलं, तर विटा तडकतात. लाइट गेली, की मुख्य बटण बंद. नाहीतर ती परत येते तेव्हा आपण चहाला आणि भट्टी कामाला! हा नियम खास आपल्या भागासाठी केला असावा.

"पण काका, खरा धोका लालभडक मुशीचा नसतो," तो म्हणाला. "तिला कोण हात लावतंय? 300 अंशांवरची मूस लाल दिसत नाही. ती अन् थंडगार मूस शेजारी ठेवल्या, तर दोघी सारख्याच. म्हणून चिमट्याशिवाय कुठलीच उचलायची नाही." असे काही साहेब माझ्या पाहण्यात आहेत.

जाता जाता त्यानं माझ्याच खात्यातली गोष्ट सांगितली. दागिन्यावरचा हॉलमार्क 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. त्या सोन्याची पक्की पारखही अशाच भट्टीत होते. सोन्याचा कण चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हजार अंशांवर तापवतात. शिसं आणि हिणकस धातू खालच्या सच्छिद्र वाटीत मुरतात. उरलेल्या मण्यातली चांदी नत्राम्लात विरघळवली, की राहतं निखळ सोनं. हजार भागांत 916 भरलं, तर 22 कॅरट. सोनेतारणाची कितीतरी पाकिटं मी सीलबंद केली, पण ही खबर मला मळीच्या राखेपाशी मिळाली.

पालीला येऊन वहिनींना सविस्तर अहवाल दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन् येवढं करून शेवटाला भ्येटतं काय?"

"राख."

"राख?"

"म्हणजे, तिचं वजन."

"आन् त्याचा पगार देत्यात?"

"महिन्याच्या महिन्याला."

वहिनी जरा वेळ गप्प राहिल्या. वर्षानुवर्षं ऊस तोडून हंगामाअखेर त्यांचा आणि मुकादमाचा हिशेब कधी जुळला नव्हता, आणि इथं कुणीतरी राखेचासुद्धा हिशेब जुळेतो थांबत होतं. मग त्यांनी विचारलं, "कापडाचं काय म्हनलाव मघाशी?"

मी म्हणालो होतो, की नायलॉनचा शर्ट धगीनं वितळून अंगाला चिकटतो, सुती बरा.

येत्या बाजाराला त्यांनी बीडहून सुती शर्टाचं कापड आणलं. तीन शर्टांचं, पुऱ्या बाह्यांचं. मुकादम दसऱ्याला दारात येऊन गेला, तेव्हा शिंप्याकडून शर्ट आले होते. वहिनींनी त्याला चहा दिला, उचल घेतली नाही.